जिवंत बाईची पाटी

भाग एकतिसावा. राजवाड्याचं अंगण. हिवाळा. बर्फ पडतोय.

बाहेर जुलै होता. हेंगदियानच्या चित्रनगरीतल्या जुलैत कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. अंगणभर कागदाचा बर्फ पसरला होता आणि फरचे कोट घातलेल्या दासी कोटाच्या आत छोटे पंखे धरून मुगाचं गार, गोड पाणी पीत होत्या. बर्फात गुडघे टेकून बसलेली मुलगी नायिका नव्हती. ती नायिकेची पाठ होती. 'मोडणार नाही, झुकणार नाही' असं मालिकेच्या पोस्टरवर छापलेलं असल्यामुळे झुकायचं काम दुसऱ्या मुलीला दिलं होतं. नायिका चिंगहे, म्हणजे ते काम करणारी ताओ रुओशी, गाडीत एसी लावून बसली होती. चेहऱ्याचा जवळचा शॉट लागला की ती येणार होती.

आणि चिंगहेच्या तोंडचं प्रत्येक वाक्य जिनं लिहिलं ती बाई मॉनिटरच्या मागे प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन घाम पुसत होती. तिचं नाव नी लानयिन. वय चौतीस. हे नाव इथे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण सेटवर ते सांगणारं कुणी सापडलं नसतं. सगळे तिला 'लेखिकाबाई' म्हणायचे. सेटच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये ती 'अर्धं कणीस' होती. कधी काळी गंमत म्हणून ठेवलेलं ते नाव बदलायचं राहून गेलं होतं. तिचा पगार नामवंत लेखक वेई गुरुजींच्या ऑफिसातून यायचा, आणि पडद्यावर नाव वेई गुरुजींचं यायचं.

वेई गुरुजी शांघायला असत. तिथून ते आवाजी संदेश पाठवत:

*"लेखिकाबाई, छान चाललंय. फक्त तिला अजून जरा सोसू द्या. प्रेक्षकाला तिची कीव आली पाहिजे, पण आपणही असंच सोसतो आणि कुणाला कळत नाही, असं वाटलं पाहिजे. जेवून घेतो, मग बोलू."*

भाग चव्वेचाळिसावा. सिंहासन. चिंगहे राजमाता झाली आहे.

मालिका काही सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीनं चित्रित होत नाही. जो महाल मोकळा मिळेल त्यातले सगळे प्रसंग उरकून घ्यायचे. त्यामुळे चिंगहे सकाळी राजमाता असायची आणि दुपारी रंगशाळेतली, म्हणजे रेशीम रंगवायच्या कारखान्यातली, मोलकरीण. लानयिनचं आयुष्य मात्र ओळीनं चाललं होतं. ती सकाळीही मोलकरीणच असायची.

तिनं आजवर लिहिलेल्या मालिकांमधून राण्या उठून उभ्या राहिल्या, वैद्यिणी उभ्या राहिल्या, एक आंधळी सेनापतीसुद्धा उभी राहिली. तिकडे च्यांगशी प्रांतातल्या गावात तिची आई प्रत्येक मालिका सुरू होताना शेजारच्या बायकांना घेऊन बसायची. सूर्यफुलाच्या बियांचं ताट मध्ये. बाकीच्या बायका सुरुवातीचं गाणं पुढे ढकलायला सांगायच्या, आई हातातला रिमोट सोडायची नाही. नावं येऊन जायची.

"यात कुठाय गं तुझी लानयिन?"

"येईल. ही अक्षरंच इतकी बारीक काढतात मेली."

शेजारची शिआमावशी बी फोडत म्हणायची, "आमच्या जावयाचा भाऊ हेंगदियानला असतो. मालिकांत प्रेताचं काम करतो. त्याचं नाव पण येत नाही. लाजायचं काय त्यात?"

या वेळी मात्र निर्माते फानसाहेबांनी शब्द दिला होता. सगळ्यांसमोर, हॉटेलच्या गोल टेबलावर, पेला उंचावून. "लेखिकाबाई, या वेळी तुमचं नाव येणार म्हणजे येणार. वेई गुरुजींच्या खाली, स्वतंत्र ओळीत." लानयिननं त्याच दिवशी आईला फोन करून सांगितलं. फानसाहेबांनी ते नाव काय आहे हे विचारलं नव्हतं, ही गोष्ट तिच्या पुष्कळ नंतर लक्षात आली.

भाग नववा. भटारखाना. चिंगहेच्या थोबाडीत बसते.

(थोबाडीत बसण्याचाही हिशेब असतो. फानसाहेबांच्या मते बाईनं एका भागात मार खाल्ला की पुढच्या दोन-तीन भागांत तो परत केला पाहिजे. नाहीतर बघणारी बाई दुसरी मालिका लावते. आणि लगेच परत केला तर ती खंबीर वाटत नाही, भांडकुदळ वाटते.)

जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शकांच्या टॅबवर मालिकेची झलक लागली. डबे हातात घेऊन सगळे भोवती जमले. ढोल वाजले, बर्फ पडला, रुओशीच्या डोळ्यात पाणी आलं आणि गालावर उतरलं नाही. मग काळ्या पडद्यावर नावं आली. लेखन: वेई. खाली फानसाहेबांचं नाव. त्याच्या खाली चहाच्या कंपनीचं.

लानयिननं डब्याचं झाकण लावलं आणि फानसाहेबांना गाठलं. ते सावलीत आरामखुर्चीत पाय सोडून बसले होते.

"साहेब, माझं नाव?"

"हां, ते. अहो, वरून सांगितलं, लेखक एकच दाखवा. दोन नावं दिसली की लोकांना वाटतं, याचं त्याला ठाऊक नाही. वेई गुरुजींच्या नावावर मालिका विकली जाते. मी तरी काय करू?"

"तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता. नाही म्हणतोय का?" फानसाहेबांचा आवाज मऊ झाला. "बाई, तुम्हीच लिहिलंय ना, चिंगहे काय म्हणते? 'वेळू वाऱ्याशी भांडत नाही.' किती सोसते ती! आणि एका शब्दानं तक्रार नाही. मी घरी बायकोला वाचून दाखवलं, ती रडली. तुम्ही जरा चिंगहेकडून शिका."

"चिंगहेला शेवटी सिंहासन मिळतं, साहेब."

"शेवटी! त्रेचाळीस भाग थांबते ती त्यासाठी."

लानयिन परत स्टुलावर येऊन बसली. आईला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. मालिका लागेल, बिया फोडल्या जातील, शिआमावशी प्रेताच्या कामाची गोष्ट पुन्हा काढेल.

भाग अडतिसावा. रंगशाळेतलं देवघर. चिंगहे पाटी मागते.

हा प्रसंग मालिकेतला सगळ्यात मोठा. चिंगहेला रंगाचं काम शिकवणारी बाई छळानं मरते. लोक तिला नवऱ्याच्या आडनावानं 'लू घरची' म्हणत आले, मेल्यावर देवघरात पुजायच्या पितरांच्या पाटीवरही तेवढंच लिहितात. लू घरची बाई. चिंगहे देवघरात जमलेल्या दरबाऱ्यांपुढे उभी राहते, गुडघे टेकायला नकार देते आणि म्हणते, माझ्या गुरूला स्वतःचं नाव होतं. ते पाटीवर चढेपर्यंत मी झुकणार नाही.

लानयिननं हा प्रसंग रडत रडत लिहिला होता. त्या भरात त्या बाईचं नाव काय, हे ठरवायचंच राहून गेलं होतं. अडतीस भाग कुणालाही त्याची गरज पडली नव्हती. कागदावर तिथे नुसती रेघ होती.

सेटवरच्या पाट्या, दुकानांच्या फळ्या, राजाज्ञा, प्रेमपत्रं, सगळं हातानं लिहून देणारे बोकाका होते. साठी उलटलेले, बोटं कायम शाईनं काळी. ते लाखेची कोरी पाटी काखेत मारून आले.

"पोरी, इथे नुसती रेघ आहे. रेघेला काय उदबत्ती लावायची?"

"वेई गुरुजींना विचारा."

"विचारलं. ते जेवतायत. दिग्दर्शक म्हणतो, लेखिकेला विचार. तासाभरात शॉट आहे, सोनेरी रंग वाळायला वेळ लागतो. बोल पटकन."

लानयिन लॅपटॉपकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नी लानयिन."

बोकाकांनी हवेत बोटानं ती तीन अक्षरं काढून बघितली. "छान आहे. बाईमाणसाचं वाटतं. कुणाचं आहे?"

"असंच सुचलं."

"सुचलेलं चालेल, पण जिवंत माणसाचं नको हं. मागे एका मालिकेत पाटीवर नाव लिहिलं आणि ते निघालं दिवेवाल्याच्या मेव्हण्याचं. मेव्हणा ठणठणीत राहिला, पण दिवेवाल्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. जिवंत माणसाला उदबत्ती लावायची म्हणजे काय, कळतं ना तुला?"

तिला कळत होतं. तिच्या घरी तर नवीन वर्षाच्या जेवणात कुणी जेवायच्या काड्या मेलेल्यापुढच्या उदबत्त्यांसारख्या भातात उभ्या खोचल्या तरी आई हातावर चापट मारायची. तिनं नाव मागे घ्यायला तोंड उघडलंही, पण तोवर बोकाकांनी सहायकाला हाक मारली होती.

"ए, जरा भोंग्यावर विचार. या नावाचं कुणी आहे का इथे?"

सहायकानं भोंगा तोंडाला लावला.

"ऐका! सगळ्यांनी ऐका! नी लानयिन नावाचं कुणी सेटवर आहे का? नी, लान, यिन!"

दरबारी थांबले. दासींनी कोटातले पंखे बंद केले. दिवेवाले शिडीवरून खाली बघायला लागले. मेकअपची बाई, डबेवाला, घोडे धरणारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

"नी लानयिन! असेल तर हात वर करा!"

फानसाहेब खुर्चीतून म्हणाले, "अरे, असलं कुणी नाहीये. वेळ घालवू नका."

लानयिनचे दोन्ही हात लॅपटॉपवर होते. ते तिथेच राहिले.

"कुणी नाही!" सहायक ओरडला.

"मग चालेल," बोकाका म्हणाले आणि ब्रश उचलला.

तोच भाग. तोच प्रसंग. टेक पहिला आणि शेवटचा.

सेटवर पाटी आली की कॅमेरा सुरू करायच्या आधी तिला उदबत्ती लावायची पद्धत आहे. खोटी का असेना, कुणी तिथे येऊन बसलं असेल तर त्याला राग नको. निर्मात्याचा मान पहिला. फानसाहेबांनी टोपी काढली, तीन उदबत्त्या कपाळाला लावल्या आणि 'नी लानयिन' या सोनेरी अक्षरांपुढे कंबरेत वाकून पुटपुटले, "बाई, तुम्ही कोण असाल त्या असा. आमच्याकडून काही चुकलं असेल तर पोटात घाला. मालिका चालू द्या."

मागे स्टुलावर लानयिनला शिंक आली.

"श्श!" सहायक म्हणाला. "लेखिकाबाई, जरा भान ठेवा."

मग रुओशी आली. एरवी ती ओळी विसरायची आणि तोंड हलतं राहावं म्हणून एक-दोन-तीन-चार मोजायची. आवाज नंतर दुसरीच कुणी द्यायची. आज कुणास ठाऊक काय झालं, तिनं सगळं पाठ केलं होतं. ती सगळ्या दरबाऱ्यांपुढे ताठ उभी राहिली.

"तिला लू घरची म्हणू नका. तिनं या महालाचा प्रत्येक रेशमी पडदा रंगवला आणि श्रेय दुसऱ्यांनी घेतलं. तिचं नाव नी लानयिन. मोठ्यानं म्हणा. नी लानयिन!"

फर घातलेले दरबारी घामानं निथळत गुडघ्यावर बसले आणि एका सुरात म्हणाले, "नी लानयिन!"

"पुन्हा!"

"नी लानयिन!"

लानयिन मागे स्टुलावर ऐकत होती. आयुष्यात इतक्या माणसांनी तिला एका वेळी हाक मारली नव्हती. ओ द्यायची सोय नव्हती, एवढंच.

कट झाल्यावर दिग्दर्शक डोळे पुसत होते. फानसाहेब तर रुमालात नाक शिंकरत लानयिनच्या स्टुलाजवळ आले आणि हुंदका आवरत म्हणाले, "काय लिहिलंय! एका बाईचं नाव खाल्लं लोकांनी! कसले नीच असतील ना?"

"असतात," लानयिन म्हणाली.

[ कापलेलं दृश्य: लानयिन सेटवर सगळ्यांसमोर उभी राहते आणि सांगते की ते नाव तिचं आहे. ]

हे घडलं नाही. घडलं असतं तर बोकाकांना पाटी फोडावी लागली असती, दिवस फुकट गेला असता आणि फानसाहेबांनी भटजी आणून सेट धुऊन घेतला असता. शिवाय ती चिंगहे नव्हती. चिंगहेच्या तोंडात वाक्य कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं.

प्रक्षेपण. भाग अडतिसावा. प्रेक्षकांनी लिहिलेल्या, पडद्यावरून सरकत जाणाऱ्या ओळी.

नी लानयिन!! — मी ऑफिसच्या बाथरूममध्ये रडतेय — माझा साहेब पण माझं काम स्वतःच्या नावावर दाखवतो, त्याला हा भाग पाठवला — त्यानं लाइकचा अंगठा दिला — नी लानयिन — वेई गुरुजींना बाईचं मन कसं कळतं? — पुरुष असून! — गुरुजी, पाया पडते — नी लानयिन आई, परीक्षेत पास कर — पुढचा भाग कधी?

फोन. आई.

"लानयिन? जिवंत आहेस ना?"

"आई, तू फोन केलास आणि मी उचलला."

"थू थू थू! चेष्टा करू नकोस, कारटे. शिआमावशी किंचाळली, ताट सांडलं, सगळ्या बिया घरभर. पितरांच्या पाटीवर तुझं नाव! आणि ती पाचपन्नास माणसं गुडघ्यावर! कुणी केलं हे? कुणाशी भांडलीस तिथे?"

"मीच दिलं, आई. मालिका मीच लिहिली. तुला बघायचं होतं ना नाव?"



"मला ते आधी बघायचं होतं गं," आई म्हणाली. "सुरुवातीच्या गाण्यात. बारीक अक्षरात का होईना, पण जित्या माणसांच्यात."

"शिआमावशी काय म्हणाली?"

"म्हणाली, ही तर तुझीच लेक. मी म्हटलं, छे! नी आडनावाचे काय आम्हीच एकटे आहोत? योगायोग. सगळ्यांना तेच सांगितलंय. कुणी विचारलं तर तूपण तेच सांग. आणि ऐक, मी गावातल्या भविष्य सांगणाऱ्याला विचारून आले. तो म्हणतो, ते नाव आता पलीकडचं झालं, पोरीनं वापरू नये. दोन चांगली नावं काढून दिलीत त्यानं. आलीस की आधी उंबऱ्यातला विस्तव ओलांड, मग आत ये. ऐकतेस ना?"

ती ऐकत होती. बारा-तेरा वर्षं आई जे नाव पडद्यावर शोधत होती, ते सापडल्यावर तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की ते आमचं नाही. आणि हे तिनं मायेपोटी केलं होतं, त्यामुळे तिच्यावर रागावताही येईना.

फानसाहेबांचं ऑफिस. दिवस. आत.

"बसा, बसा, लेखिकाबाई! चहा घ्या." फानसाहेब तिच्यासाठी स्वतः चहा ओतत होते, हे पहिल्यांदाच. "लोक वेडे झालेत त्या नी लानयिनच्या मागे. आम्ही तिची वेगळी मालिका काढतोय. तिचं बालपण, तिचं सोसणं, सगळं. चाळीस भाग. गुरुजी म्हणतात, ते नाव त्यांना स्वप्नात दिसलं होतं."

"गुरुजींना?"

"पहाटेच्या स्वप्नात. मुलाखतीत सांगितलं त्यांनी. पण लिहायला गुरुजींना वेळ नाही. तुम्ही लिहा. आणि या वेळी नाव तुमचं. एकटीचं! हे बघा, करारात लिहिलंय. इथे तुमचं नाव भरा म्हणजे झालं. काय हो नाव तुमचं?"

लानयिननं ओळखपत्र काढून चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

फानसाहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते खुर्चीसकट थोडे मागे सरकले. "अहो, मी तुम्हाला उदबत्ती लावली!"

"हो. पोटात घाला म्हणालात."

"अशुभ... नाही, पण मालिका तर चालली. म्हणजे शुभच." त्यांनी कपाळ पुसलं आणि निर्मात्याचं डोकं पुन्हा चालू झालं. "पण मग अडचण आहे. पात्राचं नाव नी लानयिन आणि लेखिकेचंही नी लानयिन? लोक हसतील. म्हणतील, कुणी बाई प्रसिद्धीसाठी तिचं नाव लावून फिरते. तुम्ही टोपणनाव घ्या."

"पात्राचं बदला."

"ते कसं बदलणार? ते नाव लोकांना माहीत आहे. तुमचं कुणाला माहीत आहे?"

त्यांनी पेन पुढे सरकवलं. लानयिननं करार घडी घालून पिशवीत ठेवला. उद्या कळवते, म्हणाली.

रंगशाळेतलं देवघर. दिवस. चित्रीकरण नाही.

सेट आता तिकीट काढून बघता येत होता. लानयिननं तिकीट काढलं आणि रांगेत उभी राहिली. पाटी तिथेच होती. पुढे संत्री, बिस्किटं आणि दूध घातलेल्या चहाचे कितीतरी पेले, प्रत्येकात स्ट्रॉ खोचलेली. बाजूच्या झाडाला लाल फिती बांधल्या होत्या.

मागे भाड्याचा रेशमी झगा घातलेली कॉलेजची मुलगी होती. "काकू, पहिल्यांदा आलात? मी तिसऱ्यांदा. मी बाईंना सगळं सांगते. साहेब ओरडला की इथे येते. तुम्ही बघितलीत ना मालिका?"

"काही भाग."

"बघाच. आपल्यासारख्या बायकांना त्यांच्यासारखं होता येत नाही, पण शिकता येतं. एक शब्द न बोलता सोसलं त्यांनी."

"मेल्यावर बोलल्या बिचाऱ्या," लानयिन म्हणाली.

"हो ना! फीत बांधणार? मी लिहून देते, माझं अक्षर चांगलं आहे. नाव सांगा."

"नी लानयिन."

मुलगी हसली. "काकू, सगळ्याच तेच लिहितात. मी पण तेच लिहिलंय. बघा तरी." तिनं दोन-तीन फिती उलटून दाखवल्या. नी लानयिन, नी लानयिन, एका फितीवर चुकलेलं, खोडून पुन्हा लिहिलेलं नी लानयिन. "तुमचं खरं नाव सांगा ना."

लानयिननं एक फीत हातात धरून वाचली. अक्षर कुणाचं तरी घाईचं होतं, ऑफिसातून पळत आलेल्या बाईचं असावं. तिनं फीत सोडली. पिशवीतून करार काढला आणि जिथे नाव भरायचं ती कोरी जागा बघितली. आईनं विचारून आणलेली दोन नावं तिथे नीट बसली असती. मग तिनं फानसाहेबांना फोन लावला.

"ठरलं का नाव?" फानसाहेब.

"मी लिहीत नाही."

"असं कसं? मग कोण लिहील?"

"इथे झाडापाशी या, साहेब. नी लानयिन पुष्कळ जमल्यात. त्यातली एखादी बघा."

"बाई, ऐका, जरा सोसा, सहा महिन्यांचा तर..."

तिनं फोन बंद केला. मुलगी अजून ब्रश धरून उभी होती. मागून कुणीतरी ओरडलं, रांग पुढे सरकवा.

"काकू, नाव?"

"सांगितलं की," लानयिन म्हणाली आणि फितीचे पैसे देऊन कोरीच फीत घेऊन निघाली.